न वाजणारा निरोप

मीनलचा आवाज किती धंद्यांत नोकरीला होता, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. सकाळी ती कुठल्यातरी दातांच्या दवाखान्याची स्वागतिका असायची, जेवणाआधी मोटारींच्या शोरूममधली मुलगी, दुपारी विमा कंपनीतली काळजी करणारी बाई आणि घरी निघायच्या आधी एखाद्या कॉलेजच्या प्रवेश विभागाची. या सगळ्याजणी सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फोम चिकटवलेल्या बारक्या खोलीत जन्माला यायच्या. त्यांना पाहिलेलं मात्र कुणीच नव्हतं.

कंपनीचा धंदा असा, की फोन वाजवायचाच नाही. अनोळखी नंबर दिसला की माणूस उचलत नाही, उचललाच तर खेकसतो. मग घंटी न वाजवता निरोप थेट त्याच्या व्हॉइसमेलमध्ये, म्हणजे फोनमधल्या निरोपांच्या पेटीत, नेऊन टाकायचा. त्याला नंतर कधीतरी पडद्यावर खूण दिसते, की कुणीतरी येऊन काहीतरी सांगून गेलंय. गिऱ्हाइकं बहुतेक ऑस्ट्रेलियातली, थोडी अमेरिकेतली, कारण तिकडे लोक अजून व्हॉइसमेल ऐकतात. सिंगापूरमध्ये त्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यामुळे ज्या गावात बसून हे निरोप सोडले जात, त्या गावाला त्यांचा पत्ताही नव्हता.

प्रत्येक धंद्याची आवाजाची मागणी वेगळी. दातवाल्यांना हसू हवं असे, पण फार नको. मोटारवाल्यांना घाई हवी, जणू गाडीची सर्व्हिसिंगची जागा आत्ता कुणीतरी पळवणार आहे. विमावाल्यांना किंचित दबलेला सूर लागे. घरं विकणाऱ्या एजंटांना शेजारीण हवी असे, "तुमच्याच गल्लीतलं एक घर नुकतंच गेलं, म्हटलं तुमच्या कानावर घालावं," असं सहज म्हणणारी. देणग्या मागणाऱ्या संस्थांना जरा थकलेला आवाज आवडे, आणि त्याचा मीनलला अलीकडे सराव करावा लागत नसे. एक वाक्य मात्र सगळ्यांनाच हवं असायचं: "अरेरे, आपली चुकामूक झाली वाटतं!" चुकामूक कसली? फोन कुणी केलाच नव्हता. सुरुवातीला हे वाक्य म्हणताना तिची जीभ अडखळायची. पुढे अडखळायची थांबली.

मुळात ती इथे हिशेब बघायला आली होती. शिरीषला बँकेत नोकरी लागली म्हणून दोघं पुण्याहून आले, मरीन परेडला राहिले, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले. त्यांची मुलगी इरा इथेच वाढली. ती शाळेत रमल्यावर मीनलने निशिकांतच्या कंपनीत बिलं करायचं काम धरलं. निशिकांत मुलुंडचा, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, सदा घाईत, पण मनाने वाईट नाही. एकदा निरोप वाचणारी बाई आयत्या वेळी आली नाही, तेव्हा तो म्हणाला, "मीनलताई, तुम्हीच वाचा ना. तुमचं इंग्रजी कुठलंच वाटत नाही."

त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं, आणि खरंही होतं. तिचं इंग्रजी ना पुण्याचं राहिलं होतं, ना सिंगापूरचं झालं होतं. कुठल्याच गावचा नसलेला तो आवाज सगळ्या गावांना चालला. बिलं बाजूला पडली आणि मीनल खोलीत गेली, ती गेलीच.

या कामाचा शीण कसा येतो, हे तिला कुणाला समजावता येत नसे. ओझी उचलायची नव्हती, उन्हात उभं राहायचं नव्हतं. पण दिवसभर परक्यांशी लाडीगोडीने बोलून, आणि समोरून एकही शब्द परत न येता, संध्याकाळी ती एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसली की तिला कुणी "जरा सरका" म्हटलेलंही नको वाटायचं. घरी शिरीष काही विचारायचा, ती "हं" म्हणायची. मग त्यानेही विचारणं कमी केलं. एकदा ती इराला अभ्यासाबद्दल समजावत होती, तर पोरगी मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मा, यू यूजिंग युवर ऑफिस व्हॉइस अगेन, लाह." त्यानंतर मीनल घरात आणखीच कमी बोलायला लागली.

फेब्रुवारीत एका बुधवारी, अजून उजाडायचं होतं, इराची शाळेची गडबड चालली होती, तेवढ्यात निशिकांतचा फोन आला.

"सॉरी हं मीनलताई, इतक्या सकाळी. ते ऑस्ट्रेलियातलं डायलिसिस सेंटर आहे ना, आपलं नवीन गिऱ्हाईक? त्यांचा पाणी शुद्ध करायचा प्लांट बंद पडलाय. आज दुपारच्या पाळीचे सगळे पेशंट शेजारच्या गावच्या हॉस्पिटलात हलवायचेत. निरोप आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे. घरूनच रेकॉर्ड कराल का?"

"मजकूर?"

"पाठवलाय. चार ओळी आहेत."

या सेंटरसाठी आजवर फक्त आठवणीचे निरोप जात: उद्या तुमची पाळी आहे, विसरू नका. मीनल मोबाइल घेऊन बेडरूममधल्या कपाटात शिरली. बाहेर खोलीत आवाज घुमतो, कपड्यांत घुमत नाही. शिरीषच्या कोटांच्या आणि स्वतःच्या दोन-तीन पैठण्यांच्या मध्ये उभी राहून तिने वाचायला सुरुवात केली. नमस्कार, आज आपलं केंद्र बंद आहे. डायलिसिससाठी कृपया नदीपलीकडच्या गावच्या हॉस्पिटलात यावं. इथे येऊ नये. काही अडचण असल्यास या नंबरवर फोन करावा.

तेवढ्यात कपाटाचं दार किलकिलं झालं. दप्तर पाठीला लावून इरा उभी होती.

"मा, व्हाय यू इनसाइड द कबर्ड?"

"काम आहे गं. डबा घेतलास?"

"टूक ऑलरेडी. सो वियर्ड," म्हणत इरा बस गाठायला पळाली.

मीनलने पुन्हा वाचलं, ऐकून पाहिलं. स्वच्छ होतं. सवयीने त्यात दातांच्या दवाखान्याचं हसू उतरलं होतं. पुन्हा करावं का, असं तिच्या मनात आलंही. पण निशिकांतचे "झालं का? झालं का?" असे मेसेज येत होते. तिने पाठवून दिलं आणि चहा ठेवला.

ती ऑफिसात पोचली तेव्हा निशिकांत खुशीत होता. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे ठिपके चमकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे पोचलेला निरोप.

"बघा, जवळजवळ सगळे पोचले," तो म्हणाला. "हॉस्पिटलवाल्यांना हे असंच पाहिजे असतं. दोन माणसं दिवसभर फोन करत बसण्यापेक्षा एक बटण."

मैत्रेयीने, म्हणजे ऑफिसातलं कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या पुण्याच्या मुलीने, मान हलवली आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला लागली. मीनल तिच्या खोलीकडे वळणार, इतक्यात कोपऱ्यातला फोन वाजला. तो फोन चाचणीसाठी ठेवलेला. एरवी महिनोन् महिने गप्प असायचा. सेंटरच्या लाइनी सकाळपासून व्यस्त होत्या म्हणून घाईत निशिकांतने निरोपाला याच फोनचा नंबर जोडला होता.

मीनल जवळ होती, तिने उचलला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा.

"कोण, तूच का गं ती? फोनमधली?"

इतक्या वर्षांत निरोपाला असं थेट तिच्याकडे उत्तर आलं नव्हतं. "हो," ती इंग्रजीत म्हणाली, "निरोप मीच वाचला होता."

"मग मला सांग, मी काय करू? मी सेंटरच्या दारात उभी आहे. दाराला कुलूप. कागद चिकटवलाय, पण चष्मा घरी राहिलाय. सोडायला आलेली व्हॅन निघूनही गेली. आणि इथे ऊन मी म्हणतंय."

"तुमचं नाव?"

"डोरीन."

"डोरीन, सकाळी निरोप मिळाला नाही का तुम्हाला?"

"खूण दिसली होती ना. ऐकायला घेतला, तर तुझा आवाज." बाई रागावली नव्हती, जे झालं ते सांगत होती. "मला वाटलं, पुन्हा ते कानाच्या मशीनवाले. नाहीतर मोटारवाले. ते पण तूच असतेस ना? अर्ध्यातच बंद केला मी. आता कुलूप बघून त्याच निरोपावरून उलटा फोन लावला."

मीनलने फोनवर हात ठेवला. पडद्यावर हिरवे ठिपके तसेच चमकत होते.

"निशिकांत, निरोप कुणी ऐकलेला नाही."

"असं कसं? पोचलेत की."

"व्हॉइसमेलमध्ये पोचलेत. माणसांपर्यंत नाही. ही बाई बंद दारापुढे उभी आहे. बाकीचेही निघाले असतील. तिकडे आपल्यापेक्षा तीन तास पुढे आहेत, दुपारची पाळी आता सुरू व्हायची. सगळ्यांना फोन करायला हवेत, खरे फोन."

निशिकांतचा चेहरा पडला. "आपण पेशंटशी थेट बोलायचं नाही, मीनलताई. करारात नाही ते. उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात येईल."

"मग सेंटरला विचार."

त्याने सेंटरला लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. मग हेड नर्सच्या मोबाइलवर लावला आणि स्पीकर चालू केला. ती एका धावत्या गाडीत होती, मागे कुणीतरी कण्हत होतं. निशिकांत करार, परवानगी असं काही बोलायला लागला, तशी ती ओरडलीच, "अहो, करा फोन! ज्याला जमेल त्याने करा! माझ्याकडे आज दोनच माणसं आहेत!"

निशिकांतने फोन ठेवला आणि मैत्रेयीला म्हणाला, "नंबर काढ."

मीनलने आधी डोरीनला सावलीत बसायला सांगितलं, तिचा नंबर लिहून घेतला आणि कुणाला तरी पाठवते असा शब्द दिला. कसा पाळायचा, हे तिला माहीत नव्हतं. मग मैत्रेयीने अर्धे नंबर घेतले आणि तिने अर्धे.

आणि लोक फोन उचलेचनात. परदेशी नंबर दिसला की लोक तो वाजू देत होते. मीनलला त्यांचं काही चुकलंय असं वाटेना. अशा नंबरांपासून चार हात लांब राहायला त्यांना गेली काही वर्षं हेच ऑफिस शिकवत होतं. एकाने उचलला आणि तिने "नमस्कार, मी" म्हणताच तो कडाडला, "मला सोलर नको, विमा नको, घर विकायचं नाही. पुन्हा फोन केलास तर बघ!" आणि बंद केला. तिने पुन्हा लावला. या वेळी त्याने एक शिवी हासडली. तिसऱ्यांदा उचलला गेल्यावर ती श्वास न घेता ओरडली, "डायलिसिस! सेंटर बंद आहे! तिकडे जाऊ नका!"

या वेळी त्याने फोन ठेवला नाही.

"हे आधी नाही का सांगायचं?" तो पुटपुटला. "आम्ही निघालोच होतो. बायको गाडी काढतेय."

मीनलला डोरीनची आठवण झाली. "तुम्ही सेंटरवरूनच जाणार ना? तिथे दारात एक डोरीन नावाची बाई उभी आहे. तिला गाडीत घ्याल का?"

"डोरीन? लाल टोपीवाली? माझ्या शेजारच्या खुर्चीवर असते ती. घेतो, घेतो."

हळूहळू लोक सापडत गेले. कुणी तिसऱ्या फोनला उचलला, कुणी पाचव्या. कुणाच्या मुलीचा नंबर मिळाला, कुणाच्या शेजाऱ्याचा. मीनलचा घसा खरवडून निघाला होता. तिच्या तोंडून आता ना हसू येत होतं ना लाडीगोडी, इंग्रजीत मधूनच पुण्याचे हेल उमटत होते. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. "थँक यू" म्हणत, घाईघाईत पत्ता पुन्हा विचारत लोक निघत होते. निशिकांत खाली जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आला आणि मग तोही एक फोन घेऊन बसला.

शेवटी एकच नाव उरलं, मिस्टर हार्डविक. फोन वाजत राहायचा, मग टेलिफोन कंपनीचा आवाज यायचा, की या ग्राहकाची व्हॉइसमेल पेटी भरलेली आहे.

"यांना सकाळचा निरोपही गेलेला नाही," मैत्रेयी पडद्याकडे बघत म्हणाली. "जागाच नव्हती."

मीनल खुर्चीत मागे रेलली. त्या गावातली कंपनीची गिऱ्हाइकं तिला पाठ होती. कानाच्या मशीनवाले, मोटारींचं शोरूम, सोलरवाले, दोन एजंट. प्रत्येक जण महिन्यातून दोनदा तरी. हार्डविक नावाचा हा माणूस निरोप ऐकतही नसणार आणि पुसतही नसणार. त्याची पेटी कुणी भरली होती, हे तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिच्याच आवाजाने भरली होती, आणि ज्या दिवशी खरं काही सांगायचं होतं, त्या दिवशी तिलाच आत शिरायला जागा उरली नव्हती.

"घरचं कुणी?" निशिकांतने विचारलं.

"एकटाच राहतो, असं दिसतंय."

हेड नर्सचा फोन आता लागत नव्हता. मीनलने पुन्हा एकदा हार्डविकला लावून पाहिला, मग काहीतरी करायचं म्हणून डोरीनला लावला. डोरीनने लगेच उचलला. गाडीतून बोलत होती, पुलापाशी पोचली होती आणि जरा खुशीत होती.

"डोरीन, तुम्ही मिस्टर हार्डविकना ओळखता का?"

"लेस ना? त्याला कोण नाही ओळखत. तोंडाचा फटकळ."

"ते फोन उचलत नाहीयेत. सेंटरपाशी दुसरं कुणी दिसलं होतं का तुम्हाला?"

"नाही गं. दारात मी एकटीच." मग तिला आठवलं. "मागच्या बाजूला झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. काचा वर. मला वाटलं, रिकामी असेल. चष्मा नव्हता ना..."

"लेसची गाडी कुठल्या रंगाची?"

पण डोरीन गाडीतल्यांना ओरडून सांगत होती, "वळव! वळव गाडी! मागे घे!"

फोन तिने बंद केला नाही. तोआ पायोहच्या त्या ऑफिसात तिघं जण स्पीकरभोवती उभे राहून एका अनोळखी रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकत होते. दार उघडल्याचा आवाज. खडीवर पावलं. काचेवर ठोकल्याचा आवाज, आधी बोटांनी, मग मुठीने. "लेस! लेस, उघड!" मग डोरीनला गाडीत घेतलेल्या त्या गृहस्थाने, ज्याने मघाशी मीनलला शिवी दिली होती, दगडाने काच फोडली.

"जिवंत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "पण शुद्धीत नाही नीट. ॲम्ब्युलन्स बोलवा कुणीतरी!"

त्याची बायको दुसऱ्या फोनवर तेच करत होती. डोरीन लेसच्या चेहऱ्यावर पाणी मारत त्याला रागे भरत होती. मग बऱ्याच वेळाने सायरन ऐकू आला आणि कुणाचा तरी धक्का लागून फोन बंद झाला.

निशिकांत खाली बसला. "बाप रे," एवढंच म्हणाला. मैत्रेयी रडत होती. मीनलला रडूही येईना. ती बाटलीतलं पाणी प्यायली, खोलीत गेली आणि दार लावून घेऊन त्या फोमच्या भिंतींमध्ये बसून राहिली. दुपारी जिमवाल्यांचं रेकॉर्डिंग होतं. ते तिने केलं नाही.

संध्याकाळी हेड नर्सने कळवलं, की लेसला मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय. आजची पाळी चुकली असती आणि त्यात बंद गाडीतलं ऊन, तर काही खरं नव्हतं. बाकी सगळ्यांचं डायलिसिस झालं.

दोन दिवसांनी निशिकांतने तिला खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नेलं. दोन कोपी समोर आल्या. तो बराच वेळ कपात चमचा फिरवत बसला.

"मीनलताई, त्या दिवशी तुम्ही नसता तर..." तो म्हणाला. "मी विचार करतोय. तातडीचे निरोप वेगळे काढू. त्यांना आधी घंटी, मग माणूस. हॉस्पिटलांना आपण हे नवीन म्हणून विकू शकतो."

"हे नवीन नाही, निशिकांत. याला फोन करणं म्हणतात."

तो ओशाळून हसला. "तुम्हाला काय हवंय, सांगा."

तिने दोन गोष्टी मागितल्या. दवाखाना, हॉस्पिटल, औषधं, यांच्या निरोपांत तिचा आवाज नको. आणि ते चुकामुकीचं वाक्य कुणासाठीही नको.

"पहिलं मान्य," निशिकांत म्हणाला. "दुसरं कसं करू? ते वाक्य काढलं तर लोकांचे उलटे फोन निम्म्यावर येतील. सगळी गिऱ्हाइकं जातील."

"मग वाचायला दुसरं कुणीतरी बघ. मी बिलं करते."

"नाराज आहात?"

"नाही रे," ती म्हणाली. "दमलेय."

ते खरं होतं. तिला नोकरी सोडून द्यायचा आव आणायचा नव्हता, निशिकांतला धडा शिकवायचा नव्हता. तिला फक्त त्या खोलीत जायचं नव्हतं. निशिकांतने हुज्जत घातली नाही. महिन्याभरात कॉम्प्युटरने तयार केलेला एक आवाज आला, कधी न दमणारा, आणि तो दातवाल्यांपासून देणगीवाल्यांपर्यंत सगळ्यांना चालला. मीनल खिडकीजवळच्या तिच्या जुन्या टेबलाशी परत बसली. पण आधी भरून ठेवलेले तिचे निरोप गिऱ्हाइकांच्या मुदती संपेपर्यंत जातच राहणार होते. ती बिलं करत असताना, जेवत असताना, झोपलेली असताना कुणाच्या तरी फोनमध्ये तिचा आवाज गुपचूप जाऊन बसत होता. ते तिला थांबवता येण्यासारखं नव्हतं. डायलिसिस सेंटरने मात्र करार पुढे चालवला नाही. त्यांनी फोन करायला गावातलाच एक निवृत्त पोस्टमन ठेवला, असं नर्सने कळवलं.

मार्चच्या अखेरीस एका दुपारी कोपऱ्यातला फोन पुन्हा वाजला. मैत्रेयीने उचलला आणि मीनलकडे धरला. "तुमचाच आहे."

"ओळखलंस का?" डोरीन होती. "लेस घरी आलाय. म्हटलं, तुला कुणी सांगितलं नसेल."

"कसे आहेत ते?"

"काच फोडली म्हणून भांडतोय. म्हणजे बराच आहे." मग ती म्हणाली, "तुझा आवाज बसलाय का गं? ओळखूच आला नाही."

"माझा असाच आहे," मीनल म्हणाली.

"तू राहतेस कुठे? मला वाटलं, तू इथलीच. पेट्रोल पंपामागच्या त्या नवीन घरांतली."

"मी सिंगापूरला असते."

"सिंगापूर!" डोरीन म्हणाली. "आणि मूळची?"

"पुण्याची. भारतातली."

"बरीच लांबून बोलत होतीस की." तिला ते जरा विचित्र वाटलं असावं, जरा मजेशीरही. मग ती तिच्या नातवाबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली, सेंटरमधल्या टीव्हीबद्दल तक्रार केली. मीनल ऐकत राहिली. मधूनमधून काहीतरी म्हणत राहिली. निशिकांत काचेपलीकडून बघत होता, पण त्याने काही खूण केली नाही. बऱ्याच वेळाने डोरीन म्हणाली, "चल, व्हॅन आली," आणि निघून गेली.

त्या दिवशी मीनल घरी आली तेव्हा शिरीष आधीच आलेला होता. त्याने कुकर लावला होता, फ्रीजमधली आमटी गरम केली होती. तिघं जेवायला बसले. शिरीष मोबाइलवर काहीतरी वाचत होता, इरा कानात इअरफोनची बोंडं घालून होती.

"तुला त्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाचं सांगितलंच नाही मी," मीनल म्हणाली.

शिरीषने मोबाइल उलटा ठेवला. "कुठल्या?"

आणि मग तिने सांगितलं. फेब्रुवारीत कपाटात उभं राहून केलेल्या रेकॉर्डिंगपासून सगळं. तिला एवढं सलग बोलताना शिरीषने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. हार्डविकची पेटी भरलेली होती, तिथे आल्यावर ती थांबली आणि पाणी प्यायली.

"तू महिनाभर हे एकटीनेच..." तो म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?"

"घरी आल्यावर तोंड उघडायचंच जिवावर यायचं रे. तुझ्यावर राग नव्हता."

"मला वाटलं, होता."

"नव्हता."

इराने कधीतरी कानातली बोंडं काढली होती, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"सो दॅट अंकल ओके ऑर नॉट?" तिने विचारलं.

"ओके आहे. घरी आलाय."

"देन गुड, लाह." इराने थोडा विचार केला. "बट मा, इतक्या लोकांना तू फोन केला? वन बाय वन?"

"मी, मैत्रेयी आणि निशिकांत."

"माझे मेसेज तर तू रिप्लाय पण नाय करत."

शिरीष हसला. मीनलला हसू आलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती. "उद्यापासून करते," ती म्हणाली, आणि ते जमेल की नाही याची तिला खात्री नव्हती. शिरीषने उठून तिच्या ताटात गरम भात वाढला. ती "पुरे" म्हणाली, तरी त्याने आणखी एक डाव वाढला, आणि तिने त्यावर आमटी ओतून घेतली.